लंडन ते सिडनी : गणितातले तास आणि इतिहासातले तास

काही महिन्यांपूर्वी दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात बोलण्याचा योग आला. चहाच्या सुट्टीत गणित आणि भूगोल शिकवणारे एक सर वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी आठवीच्या वर्गाला एक साधे उदाहरण घातले होते : लंडन ते सिडनी हे अंतर १७,००० कि.मी. आहे, विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी. असेल तर प्रवासाला किती वेळ लागेल? वर्गाने भागाकार केला आणि सुमारे १९ तास असे उत्तर काढले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, माझे मामा बोटीवर आहेत. लंडनला एक बोट सोडून सिडनीला दुसऱ्या बोटीवर जायचे होते, तर त्यांना विमानाने चोवीस तास लागले. मग आपले उत्तर चुकले का?" तेवढ्यात एका मुलीने भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर लाकडी पट्टी ठेवली. पट्टीची कड गोव्याच्या थोडी खाली, मंगळूरच्या आसपास भारताचा किनारा ओलांडत होती. "म्हणजे ते विमान आपल्या जवळूनच जाते ना, सर?"

"मी दोघांनाही 'हो, हो' म्हणून बसवले," सर म्हणाले, "पण तेव्हापासून मनाला चैन नाही. मी मुलांना चुकीचे तर सांगितले नाही ना?"

शिक्षकाच्या मनात अशी शंका येणे ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांना मी जे सांगितले, आणि घरी आल्यावर जे सांगायचे राहून गेले असे वाटले, ते इथे सविस्तर मांडतो.

तीन रेषा

प्रथम मुलीच्या प्रश्नाकडे वळू. शाळेच्या भिंतीवर बहुधा मर्केटर पद्धतीचा नकाशा असतो. त्यावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा म्हणजे सर्व रेखावृत्तांशी सारखाच कोन करणारी वाट. जुन्या खलाशांना ती सोयीची होती, कारण होकायंत्राचा काटा एकाच कोनावर ठेवून जाता येत असे. पण ती सर्वांत जवळची वाट नव्हे. लंडन ते सिडनी ही पट्टीची वाट सुमारे १७,६५० कि.मी. भरते.

आता पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा लंडनवर धरा, दुसरे टोक सिडनीवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सर्वांत कमी अंतराच्या वाटेवर येऊन बसतो. या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या सपाट पातळीने गोल कापला तर त्याच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, ते बृहद्वृत्त. दोऱ्याची लांबी मोजली तर ती सुमारे १७,००० कि.मी. येते, म्हणजे पट्टीपेक्षा साडेसहाशे कि.मी. कमी. पण दोरा जातो कुठून? लंडनहून डेन्मार्क, लॅटव्हिया, मग मॉस्कोच्या थोड्या उत्तरेकडून रशिया, कझाकस्तान, चीन, दक्षिण चीन समुद्र, फिलिपाइन्सच्या बाजूने इंडोनेशिया आणि मग ऑस्ट्रेलिया. भारताला तो शिवतही नाही. तो हिमालयाच्याही कितीतरी पलीकडून जातो.

म्हणजे सरांचे 'हो' चुकले. पण गंमत अशी की, या मार्गाच्या इतिहासात शिरलो तर ते चुकले नाही असेही म्हणावे लागते. पट्टी आणि दोरा यांच्याशिवाय एक तिसरी रेषा आहे, ती प्रत्यक्ष विमानांनी काढली. ती अनेक वर्षे कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता या गावांवरून जात होती. आणि मुलाच्या चोवीस तासांचे उत्तरही या तिसऱ्या रेषेतच दडलेले आहे.

अठ्ठावीस दिवस

पहिले महायुद्ध संपल्यावर, मार्च १९१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांनी दहा हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला विमानाने ३० दिवसांत, म्हणजे ७२० तासांत, पोहोचणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांना ते मिळणार होते. तोवर आगबोटीला याच प्रवासाला पाच-सहा आठवडे लागत. त्यापूर्वीची गोष्ट तर विचारूच नका : कैद्यांना घेऊन निघालेला पहिला शिडाच्या जहाजांचा ताफा मे १७८७ मध्ये इंग्लंडहून निघाला, तो जानेवारी १७८८ मध्ये पोहोचला. आठ महिने!

१२ नोव्हेंबर १९१९ रोजी रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ हे दोघे भाऊ, बेनेट आणि शायर्स या दोन यंत्रज्ञांसह, लंडनजवळच्या हाउन्स्लो येथून व्हिकर्स व्हिमी या दोन इंजिनांच्या विमानातून निघाले. बसण्याची जागा उघडी होती. थंडी, पाऊस, बर्फ सारे अंगावर घ्यायचे. विमानाची नोंदणीची अक्षरे होती 'जी-ई-ए-ओ-यू'. त्यांचा अर्थ 'देवा, आम्हा सगळ्यांना सांभाळ' असा आहे, असे ते थट्टेने सांगत.

रोम, कैरो, दमास्कस, बसरा, बंदर अब्बास, कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, सिंगापूर, जावा, तिमोर अशा टप्प्यांनी ते गेले. वाटेत विमानतळ असे फारसे नव्हतेच. कलकत्त्याला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून उड्डाण करताना विमानाला घारी धडकल्या. सयाममधील सिंगोरा येथे उतरले, तर मैदानभर तोडलेल्या झाडांचे बुंधे. जावा बेटावर सुराबाया येथे चिखलात चाके रुतली. तेव्हा गावकऱ्यांनी बांबूच्या चटया आणून जमिनीवर अंथरल्या आणि त्या चटयांच्या पट्टीवरून विमान उडाले. १० डिसेंबरला ते डार्विन येथे उतरले. अठ्ठावीस दिवस झाले होते. मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

या शर्यतीत उतरलेल्या सर्वांचे नशीब असे नव्हते. एका विमानातले दोघे वैमानिक लंडनहून निघताच कोसळून मरण पावले. दुसऱ्या विमानातले दोघे ग्रीसजवळ कॉर्फू बेटापाशी समुद्रात बुडाले. आणखी एक जोडी पोहोचली खरी, पण तिला सुमारे सात महिने लागले. खुद्द रॉस स्मिथ आणि बेनेट १९२२ मध्ये नव्या विमानाची चाचणी घेताना अपघातात गेले. तासांच्या हिशोबात हे आकडे दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवले.

आता हिशोब पाहू. व्हिमीने सुमारे १८,००० कि.मी. वाट कापली आणि प्रत्यक्ष हवेत घालवलेला वेळ होता सुमारे १३५ तास. म्हणजे सरासरी वेग ताशी १३० कि.मी.च्या थोडा वर. पण एकूण वेळ होता सुमारे ६६८ तास. म्हणजे प्रवासाच्या वेळेपैकी जेमतेम एक पंचमांश वेळ विमान उडत होते. उरलेला चार पंचमांश वेळ जमिनीवर गेला. रात्री उडणे धोक्याचे, इंधन डब्यांतून ओतायचे, इंजिन रोज तपासायचे, चिखल वाळण्याची वाट बघायची. आपल्या उदाहरणातला भागाकार या चार पंचमांश वेळेबद्दल काहीच बोलत नाही. मुलाच्या मामांचे जास्तीचे पाच तासही याच जातीचे.

भारतावरूनच का?

व्हिमी दोऱ्याच्या रेषेने, म्हणजे रशिया आणि चीनवरून, का गेले नाही? एक तर रशियात तेव्हा यादवी युद्ध चालू होते. दुसरे असे की ज्या विमानाला दर काही तासांनी खाली उतरावेच लागते, त्याला अंतरापेक्षा उतरण्याच्या जागा महत्त्वाच्या. मैदान, पेट्रोल, तारघर आणि परवानगी या चारही गोष्टी ब्रिटिशांना इजिप्त, इराक, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिंगापूर येथे सहज मिळत होत्या. तेव्हा विमानाची वाट भूमितीने नव्हे, तर साम्राज्याने आखली होती.

या वळणाची किंमत किती पडली? लंडन, कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर, डार्विन, सिडनी असे टप्पे धरून दोऱ्याने मोजा. सुमारे १८,७०० कि.मी. भरतात. १७,००० च्या तुलनेत हे फक्त दहा टक्के जास्त. इतक्या लांबच्या वळणाचा दंड इतका कमी कसा? याचे उत्तर गोलाच्या भूमितीत आहे. लंडनच्या अगदी विरुद्ध बाजूचा बिंदू न्यूझीलंडच्या आग्नेयेला समुद्रात येतो. त्या बिंदूकडे जायचे असेल तर लंडनहून कोणत्याही दिशेने सरळ निघा, अंतर सारखेच, २०,००० कि.मी. सिडनी त्या बिंदूपासून फक्त तीन हजार कि.मी. अलीकडे आहे. म्हणून तिकडे जाणाऱ्या बऱ्याच वाटा जवळजवळ सारख्याच लांबीच्या आहेत. लंडन ते सिंगापूर ते सिडनी हे दोन कंस जोडले तर ते थेट वाटेपेक्षा दोनशे कि.मी.सुद्धा जास्त भरत नाहीत. पुढे सिंगापूर हा या मार्गावरचा सर्वांत मोठा थांबा ठरला, त्यामागे ही भूमितीही आहे.

मुक्कामाची गावे

१९३० मध्ये एमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी लहानशा जिप्सी मॉथ विमानातून एकटी लंडनहून डार्विनला गेली. ५ मे रोजी ती निघाली आणि २४ मे रोजी पोहोचली. अलाहाबादला जाताना इंधन पुरेना, म्हणून ती झाशीला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरली होती.

१९३२ च्या ऑक्टोबरमध्ये याच मार्गाला मुंबईचा फाटा फुटला. लंडनहून कराचीपर्यंत विमानाने आलेली टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबरला कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठीचे पेट्रोल बैलगाडीतून आणले होते असे सांगतात. भारतातील हवाई वाहतुकीची सुरुवात म्हणून आपण हा दिवस सांगतो. पण ती लंडनच्या मार्गाची शाखा होती हे सहसा सांगत नाही.

१९३५ मध्ये लंडन ते ब्रिस्बेन अशी उतारूंची नियमित सेवा सुरू झाली. प्रवास साडेबारा दिवसांचा होता आणि त्यात पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा चक्क आगगाडीचा होता! ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा भाग क्वांटास कंपनी सांभाळत असे. या कंपनीचा जन्मही १९१९ च्या शर्यतीशी जोडलेला आहे. शर्यतीतल्या विमानांसाठी उत्तर ऑस्ट्रेलियात उतरण्याच्या जागा शोधायचे काम हडसन फिश आणि पॉल मॅकगिनेस या दोघांना दिले होते. मोटारीतून तो ओसाड प्रदेश पालथा घालताना त्यांना पटले की इथे रस्त्यांपेक्षा विमाने सोयीची. आणि १९२० मध्ये त्यांनी कंपनी काढली.

१९३८ मध्ये पाण्यावर उतरणारी मोठी विमाने आली. धावपट्टी नको, तलाव पुरे. राजस्थानातला राजसमंद तलाव या मार्गावरचा एक थांबा होता. साउदॅम्प्टनहून सिडनीला साधारण दहा दिवस लागत. उतारू दिवसा उडत आणि रात्री हॉटेलात झोपत. म्हणजे विमान कितीही चांगले असले तरी प्रवासाचा जवळजवळ निम्मा काळ रात्र म्हणूनच वजा होत होता.

दोन सूर्योदय

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि मार्ग मधोमध तुटला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यातले टपाल आणि महत्त्वाची माणसे न्यायची कशी? १९४३ मध्ये क्वांटासने कॅटालिना जातीच्या समुद्रविमानांनी पर्थहून थेट श्रीलंकेतील कोग्गला सरोवरापर्यंत उड्डाणे सुरू केली. अंतर सुमारे ५,६०० कि.मी., मध्ये केवळ हिंदी महासागर. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून रेडिओ बंद. दिशा ताऱ्यांवरून ठरवायची. वेग ताशी सुमारे २०० कि.मी. त्यामुळे एका उड्डाणाला २७ ते ३३ तास लागत आणि उतारूंना वाटेत दोन सूर्योदय दिसत. १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावले नाही.

पण या विमानात उतारू किती बसत? जास्तीत जास्त तीन. बाकी सारे वजन इंधनाचे. न थांबता लांब जायचे तर माणसे कमी करावी लागतात, हा धडा इथे पहिल्यांदा अगदी स्पष्ट झाला. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

चार दिवसांवरून एका दिवसावर

१ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान २९ उतारू आणि ११ कर्मचारी घेऊन सिडनीहून लंडनला निघाले. थांबे होते डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि त्रिपोली. एकूण चार दिवस लागले. त्यात हवेतला वेळ सुमारे ५५ तास. म्हणजे आता निम्म्याहून अधिक वेळ विमान उडत होते. कारण रात्रीही उडता येऊ लागले होते : धावपट्ट्यांवर दिवे होते आणि रेडिओवरून दिशा कळत होती. ही बदललेली जमीनच खरी महत्त्वाची. विमानाच्या इतिहासात आपण इंजिनाबद्दल खूप बोलतो, धावपट्टीवरच्या दिव्यांबद्दल कमी.

१९५९ मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि वेग एकदम ताशी ९०० कि.मी.च्या घरात गेला. लंडन-सिडनी प्रवास दीड दिवसाच्या आसपास आला. १९७१ मध्ये क्वांटासकडे जंबो जेट आले, थांबे कमी होत गेले, आणि १९८९ नंतर एकच थांबा घेऊन तेवीस-चोवीस तासांत पोहोचता येऊ लागले. मामांचे चोवीस तास ते हेच.

वेग का थांबला?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. १९५९ मध्ये वेग ताशी ९०० कि.मी. होता आणि आजही तेवढाच आहे. साठ वर्षांहून अधिक काळात काहीच प्रगती नाही? प्रगती झाली, पण वेगात नाही. याचे कारण ध्वनीचा वेग. अकरा कि.मी. उंचीवर तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या जवळ असते. तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २९५ मीटर, म्हणजे ताशी १,०६२ कि.मी. असतो. विमानाचा वेग याच्या जवळ येऊ लागला की पंखांवर आघाततरंग निर्माण होतात आणि हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. म्हणून विमाने ध्वनिवेगाच्या सुमारे ८५ टक्क्यांवर थांबतात. १,०६२ चे ८५ टक्के करून पाहा : ताशी ९०३ कि.मी.

काँकर्ड विमानाने ही भिंत ओलांडली होती. पण ते सात हजार कि.मी.च्या आसपासच जाऊ शकत असे आणि त्याच्या आवाजाचा दणका जमिनीवर पोहोचत असे. डिसेंबर १९७७ मध्ये लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरपर्यंत त्याची सेवा सुरू झाली. मोजक्याच फेऱ्यांनंतर मलेशियाने या दणक्याला हरकत घेतली आणि ती थांबली. १९७९ मध्ये ती पुन्हा चालू झाली आणि १९८० मध्ये बंद पडली. सिडनीपर्यंतची ही सेवा कधीच झाली नाही.

इंधनाचे चक्रवाढ व्याज

वेग वाढत नसेल तर वेळ कमी करण्याचा एकच उपाय उरतो : न थांबणे. पण त्यासाठी इंधन हवे, आणि इंधनाला वजन असते. हे वजन उचलायला पुन्हा इंधन लागते. आठवीच्या मुलांना हे चक्रवाढ व्याजाने समजावता येईल.

समजा, विमान दर तासाला आपल्या त्या वेळच्या वजनाच्या अडीच टक्के इंधन जाळते. उतरताना त्याचे वजन १०० टन असायला हवे. दहा तासांचे उड्डाण असेल तर निघताना वजन सुमारे १२९ टन लागेल, म्हणजे इंधन २९ टन. वीस तासांचे असेल तर? दुप्पट, म्हणजे ५८ टन नव्हे, तर सुमारे ६६ टन. मध्ये एक थांबा घेतला असता तर आठ टन कमी पुरले असते. शिवाय मोठ्या टाक्या आणि मजबूत पंख यांचेही वजन असते. ते भरून काढायला खुर्च्या कमी कराव्या लागतात. कॅटालिनाचे तीन उतारू आठवा.

१६ ऑगस्ट १९८९ रोजी क्वांटासचे नवे बोइंग ७४७-४०० विमान लंडनहून निघाले आणि न थांबता २० तास ९ मिनिटांनी सिडनीला उतरले. त्याच्या टाक्यांत दोन लाख लिटरहून अधिक इंधन मावत असे, पण तेवढ्याने खात्री वाटत नव्हती. टाकीचे आकारमान तर वाढवता येत नाही. म्हणून जास्त घनतेचे खास इंधन तयार करून घेतले : तेवढ्याच लिटरांत जास्त किलो, आणि जास्त किलोंत जास्त उष्णता. धावपट्टीपर्यंत जायला लागणारे इंधनही वाचावे म्हणून विमान ओढत नेले. आणि आत माणसे होती मोजकीच. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान हे सूत्र शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शंभर वर्षांनंतरचे उत्तर

मार्च २०१८ मध्ये पर्थ ते लंडन ही न थांबता जाणारी नियमित सेवा सुरू झाली. अंतर सुमारे १४,५०० कि.मी., वेळ सुमारे १७ तास. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोइंग ७८७ विमान लंडनहून थेट सिडनीला नेण्यात आले. आत पन्नासएक माणसे होती. इतक्या लांबच्या प्रवासात माणसाच्या शरीरातल्या घड्याळाचे काय होते, झोप कशी येते, वैमानिकांची सावधता कशी टिकते हे तपासणे हा हेतू होता. म्हणजे आता अडचण केवळ यंत्राची राहिली नव्हती, शरीराचीही होती. विमानाला १९ तास १९ मिनिटे लागली.

हे उड्डाण १४ नोव्हेंबरला निघाले. स्मिथ बंधू निघाले ते १२ नोव्हेंबर १९१९ ला. म्हणजे आपल्या वर्गातल्या भागाकाराचे उत्तर प्रत्यक्षात यायला जवळजवळ बरोबर शंभर वर्षे लागली.

या शंभर वर्षांचे गणित फार सुंदर मांडता येते. ६६८ तासांचे सुमारे २० तास झाले, म्हणजे प्रवास ३३ पट लवकर होऊ लागला. यात हवेतला वेळ १३५ तासांवरून २० तासांवर आला, तो फरक सुमारे पावणेसात पट. आणि जमिनीवरचा वेळ नाहीसा झाला, तो फरक सुमारे पाच पट. पावणेसात गुणिले पाच म्हणजे जवळजवळ ३४. (स्मिथ बंधूंचा प्रवास डार्विनपर्यंतच धरला आहे, सिडनीला ते फेब्रुवारी १९२० मध्ये पोहोचले.) पहिल्या गुणकाचे श्रेय इंजिनाला आणि पंखांना. दुसऱ्याचे श्रेय दिव्यांना, रेडिओला, इंधनाच्या टाक्यांना आणि देशादेशांतल्या करारांना.

मे २०२२ मध्ये क्वांटासने या थेट सेवेसाठी एअरबस ए-३५० जातीच्या बारा विमानांची मागणी नोंदवली. साडेतीनशे माणसे सहज बसतील अशा या विमानात जादा इंधनाची टाकी बसवून फक्त २३८ खुर्च्या ठेवण्याची योजना जाहीर झाली. कॅटालिनाचा धडा पुन्हा तोच. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेन युद्धामुळे रशियाचे आकाश ब्रिटिश विमानांना बंद झाले. दोऱ्याची रेषा, जी १९१९ मध्ये मिळाली नव्हती, ती १०३ वर्षांनी पुन्हा मिटली.

तेव्हा शिबिरातल्या त्या सरांना मी म्हटले, "अंतर भूगोल ठरवतो, पण वेळ इतिहास ठरवतो. तुमचे उत्तर चुकलेले नाही. मुलाच्या मामांचेही नाही. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहा आणि मधल्या पाच तासांचे काय झाले ते मुलांना शोधू द्या." ते हसले आणि म्हणाले, "आणि पट्टीवाल्या मुलीला?" तिला गोल आणि दोरा द्या. 'हो' म्हणण्याची घाई झाली हे तिच्यासमोर मोकळेपणाने कबूल करा. शिक्षकाने आपले उत्तर दुरुस्त केलेले पाहणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे.

वर्गात करून पाहा

१. गोलावर दोरा ताणून लंडन-सिडनी वाट कोणत्या देशांवरून जाते ते लिहा. त्याच दोन गावांमध्ये भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवा आणि दोन्ही याद्यांची तुलना करा.

२. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी : लंडनचे अक्षांश ५१.५ उत्तर, रेखांश ०; सिडनीचे अक्षांश ३३.९ दक्षिण, रेखांश १५१.२ पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा (साइन) गुणाकार करा. दक्षिण अक्षांश ऋण धरा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोज्या (कोसाइन) आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार मिळवा. ही बेरीज म्हणजे दोन गावांमधल्या कोनाची कोज्या. कोन सुमारे १५२.८ अंश येईल. एका अंशाला १११.२ कि.मी. धरून अंतर काढा.

३. मुंबई आणि आपल्या आवडीचे एखादे दूरचे शहर निवडा. भागाकाराने वेळ काढा. मग प्रत्यक्ष प्रवास केलेल्या कोणाला तरी विचारा. दोन्ही वेळांतला फरक कशाकशात गेला याची यादी करा. ती यादी हाच त्या मार्गाचा इतिहास.